‘डिग’चे मराठी काय करायचे?

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला तौलनिक साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना मी दरवर्षी लँग्स्टन ह्यूजची एक छोटी कविता वर्गात घेऊन जाते. ‘मोटो’ हे तिचे शीर्षक. ‘माँटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड’ या १९५१ सालच्या संग्रहात ती आहे. दहाच्या आत ओळी, शब्द जेमतेम पंचवीस-तीस, आणि त्यांतला एकही शब्द शाळकरी मुलाला अडेल असा नाही. हार्लेममधला कुणी एक कृष्णवर्णीय माणूस बोलतो आहे. आपण डोके थंड ठेवतो, कानावर पडणारी सगळी बोली आपल्याला उमगते आणि म्हणूनच आपण जिवंत आहोत, असे तो सांगतो. शेवटी तो आपले ब्रीद ऐकवतो आणि त्या ब्रीदात एकच क्रियापद आधी कर्तरी आणि मग कर्मणी रूपात येते. ते क्रियापद म्हणजे ‘डिग’.

मी विद्यार्थ्यांना भाषांतर करायला सांगते आणि तास रंगतो. कुणीतरी ‘खणा आणि खणले जा’ असे म्हणतो, वर्ग हसतो. शब्दकोशाकडे धावणारा ‘आवडणे’ घेऊन परत येतो, कारण आजच्या बहुतेक सोयीस्कर कोशांत या बोली अर्थापुढे तेवढेच दिलेले असते. त्यातल्या त्यात जबाबदार विद्यार्थी ‘समजून घ्या आणि समजले जा’ असे काहीतरी करतो. हे भाषांतर चूक नाही. मात्र एखाद्या शासकीय परिपत्रकाखाली ते खपून जाईल. मागे एका मुलाने अगदी गंभीरपणे विचारले होते, “मॅडम, हा डिग्रीतला डिग का?” त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन महाविद्यालयांत ‘डिग’चा एक बोली अर्थ खरोखरच ‘घोकंपट्टी करणे, मान मोडून अभ्यास करणे’ असा होता. १८५१ सालच्या एका महाविद्यालयीन शब्दसंग्रहात तो नोंदवलेला आहे. पोराचा नेम चुकला, पण दगड अगदीच रानात पडला नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ‘डिग’चा अर्थ ‘आवडणे’ असा सांगणे म्हणजे त्या शब्दाचे शेवटचे, सर्वांत पातळ झालेले रूप त्याचा मूळ अर्थ म्हणून खपवणे होय. आणि ही केवळ एका परक्या बोलीतल्या शब्दाबद्दलची तक्रार नाही. कविता कळणे आणि कविता आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे गृहीत धरून आपण जे शिकवतो आणि तपासतो, त्याबद्दलही ती आहे.

हा बोली अर्थ आला कुठून, यावर विद्वानांत एकमत नाही. डेव्हिड डॅल्बी या आफ्रिकी भाषांच्या ब्रिटिश अभ्यासकाने त्याचा संबंध सेनेगलच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या वोलोफ भाषेतील समजणे, ऐकणे या अर्थाच्या धातूशी जोडला. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर शब्दही गेले आणि इंग्रजीच्या कपड्यात टिकून राहिले, असा त्याचा तर्क. कोशकारांपैकी अनेकांना तो पुराव्याअभावी मान्य नाही. खणण्याच्या अर्थाचे जुने इंग्रजी ‘डिग’च लक्षणेने इथवर पोहोचले, असे त्यांना वाटते. मला या वादात निकाल देण्याचा अधिकार नाही. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट अशी की १९३०च्या दशकात हा अर्थ कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या तोंडी वावरू लागला होता आणि त्याची पहिली ठसठशीत नोंदही त्यांच्यातल्याच एकाने केली.

तो कॅब कॅलोवे. हार्लेममधल्या कॉटन क्लबने ज्याला नावारूपाला आणले असा गायक आणि वाद्यवृंदाचा म्होरक्या. हा क्लब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होता, रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत असत आणि प्रेक्षकांत मात्र गोऱ्यांनाच प्रवेश असे. अशा ठिकाणी गाणाऱ्या माणसाने १९३८ साली आपल्या लोकांच्या बोलीचा छोटेखानी कोश काढावा, यात थोडी गंमत आणि बराच व्यवहार होता. कोश लोकप्रिय झाला, १९४४पर्यंत त्याच्या वाढीव आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात ‘डिग’चे तीन अर्थ दिले आहेत: भेटणे, पाहणे आणि समजणे. ‘आवडणे’ हा अर्थ तिथे नाही. विद्यार्थ्यांना मी हा तपशील मुद्दाम सांगते, कारण ज्या अर्थावाचून आज कोशातली नोंद पुरी होत नाही, तो अर्थ त्या बोलीच्या स्वतःच्या कोशकाराला नोंदवावासाही वाटला नव्हता.

भेटणे, पाहणे, समजणे. या तिघांना एका शब्दात बांधणारा धागा कोणता? माझ्या मते तो आहे जागेपणा. समोर कोण आहे, तो काय बोलतो आहे आणि जे बोलतो आहे त्यामागे काय आहे, हे एका नजरेत टिपणे. ह्यूजच्या कवितेत ‘डिग’चे कर्म म्हणून जो शब्द येतो तो आहे ‘जाइव्ह’. त्यालाही दोन तोंडे आहेत. जॅझवाल्यांची सांकेतिक बोली हा एक अर्थ आणि थापेबाजी, फसवे बोलणे हा दुसरा. म्हणजे निवेदकाला आपल्या माणसांची बोली उमगते आणि फसवणाऱ्यांची फसवणूकही उमगते. आणि त्याचे जिवंत राहणे त्याने याच उमगण्यावर सोपवले आहे. हे केवळ यमकासाठी केलेले नाही. १९३१ साली अलाबामात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवून त्यांतल्या आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली होती. ते स्कॉट्सबरो प्रकरण ह्यूजने आपल्या लेखनात हाताळले होते. ज्या समाजात चुकीच्या डब्यात बसल्याने, चुकीच्या नजरेला नजर दिल्याने प्राण जाऊ शकतो, तिथे ‘समजणे’ ही बौद्धिक चैन नसते. याच प्रकरणावर लेडबेली या गायकाने गाणे केले आणि त्याच्या १९३८च्या ध्वनिमुद्रणात गाण्याअखेर तो आपल्या लोकांना जागे राहायला सांगतो. तिथे ‘वोक’ हा शब्द आहे. एकाच वर्षी एका गायकाच्या कोशात ‘डिग’ आणि दुसऱ्या गायकाच्या तोंडी ‘वोक’. दोन्ही शब्द एकाच भीतीची लेकरे. ‘वोक’चे पुढे काय झाले ते आपण डोळ्यांदेखत पाहिले. २०१७ साली तो ऑक्सफर्डच्या कोशात गेला आणि त्यानंतर पाहता पाहता राजकारणातली शिवी झाला. ‘डिग’च्या वाट्याला शिवी होणे आले नाही. त्याच्या वाट्याला फॅशन होणे आले.

या फॅशनची सुरुवात प्रेमापोटी झाली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. मेझ मेझरो नावाचा शिकागोचा एक ज्यू क्लॅरिनेटवादक कृष्णवर्णीय संगीतात इतका बुडाला की तो स्वतःला कृष्णवर्णीयच मानू लागला. बर्नार्ड वुल्फच्या साथीने लिहिलेले त्याचे ‘रिअली द ब्लूज’ हे आत्मकथन १९४६ साली आले. त्यात हार्लेमच्या रस्त्यावरचे पानेच्या पाने संवाद त्या बोलीत आहेत आणि पुस्तकाच्या शेवटी त्यांचे साध्या इंग्रजीत भाषांतर दिले आहे. इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर! ज्यांनी दलित आत्मकथनांच्या शेवटी छापलेल्या शब्दसूची चाळल्या आहेत त्यांना या परिशिष्टाची ओळख पटेल. शब्दाचा अर्थ सांगितला की शब्द कळतो, असा तो भाबडा आणि तरीही आवश्यक विश्वास.

मेझरोला शब्द हवे होते कारण त्याला माणसे हवी होती. नॉर्मन मेलरला काय हवे होते हे मला आजवर नीट कळलेले नाही. त्याचा ‘द व्हाइट नीग्रो’ हा १९५७चा निबंध मी दोनदा शिकवला आणि दोन्ही वेळा अस्वस्थ झाले. युद्धोत्तर अमेरिकेच्या गुदमरलेल्या वातावरणातून सुटण्यासाठी गोऱ्या तरुणाने कृष्णवर्णीयाकडून जगण्याची धग उसनी घ्यावी, असे त्याचे एकूण प्रतिपादन. त्यासाठी लागणाऱ्या मोजक्या शब्दांची यादीही तो देतो. त्या यादीत ‘डिग’ आहे आणि त्यावर भाष्यही आहे. पण ते वाचताना लक्षात येते की इथे ‘डिग’ करणे हे इतरांपेक्षा वरचढ राहण्याचे हत्यार झाले आहे. ज्याला उमगते तो श्रेष्ठ, ज्याला उमगत नाही तो बावळट. जिवावर बेतू नये म्हणून राखलेली सावधता क्लबाच्या सभासदत्वाची खूण झाली. त्याच वर्षी केरुआकची ‘ऑन द रोड’ प्रसिद्ध झाली. तिच्यातला डीन मोरिआर्टी तर वाटेत दिसेल ते ‘डिग’ करत सुटतो: शहरे, मुली, मोटारी, सॅक्सोफोन. त्या कादंबरीची ऊर्जा मी नाकारत नाही. विशीत तिने मलाही वेडे केले होते. पण ज्याला काहीच गमवायचे नाही त्याच्या तोंडी हा शब्द कसा हलका होतो, ते तिथे दिसते. जेम्स बॉल्डविनने १९६१ साली मेलरविषयी लिहिताना मैत्री राखून जी खरडपट्टी काढली तिचे मूळ याच हलकेपणात आहे. पुढे १९७९ साली कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीची बाजू मांडताना त्याने ‘जॅझ’ आणि ‘बीट’ या शब्दांचे गोऱ्या जगात गेल्यावर काय झाले ते दाखवून दिले. त्या यादीत ‘डिग’ही सहज बसला असता.

त्यापुढचा प्रवास भरभर सांगता येतो. १९७०च्या ‘लेट इट बी’ या बीटल्सच्या संग्रहात दोन गाण्यांच्या शीर्षकांत ‘डिग’ आहे. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत तो आला, जाहिरातींत आला, आणि तिथून ‘मला तुझे बूट आवडले’ एवढ्यापुरता उरला. आज इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांना तो काहीसा जुनाट, बापाच्या पिढीचा वाटतो. घरातल्या माणसांनी मात्र तो टाकला नाही. अमिरी बराका या कवी-समीक्षकाने आफ्रिकन-अमेरिकन संगीतावरच्या आपल्या निबंधसंग्रहाला २००९ साली ‘डिगिंग’ हेच नाव दिले. तिथे खणणे, ऐकणे आणि उमगणे हे तिन्ही अर्थ पुन्हा एकत्र नांदतात.

आता थोडे व्याकरण. वर्गात इथे चुळबूळ सुरू होते, तरी मी नेटाने सांगते, कारण माझ्या मते खरी चावी इथे आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मला कविता आवडली’, ‘मला निबंध आवडला’. क्रियापद कवितेप्रमाणे, निबंधाप्रमाणे चालते. मी मात्र चतुर्थीत बसून असते, जे होते ते माझ्या बाबतीत होते. कळणे, पटणे, रुचणे, भावणे, उमगणे, सगळ्यांची हीच तऱ्हा. (‘मी समजलो’ असे आपण म्हणतो, पण तो अपवाद.) गंमत अशी की इंग्रजीतले ‘लाइक’ हे क्रियापदही कोणे एके काळी असेच होते. वस्तू माणसाला रुचत असे, माणूस तिला रुचवून घेत नसे. ‘डिग’चे तसे नाही. तिथे ऐकणारा स्वतः कर्ता आहे. कुदळ त्याच्या हातात आहे. मैफलीत एक वादक वाजवत असताना दुसरा त्याला ‘डिग’ करतो, तेव्हा तो नुसता खूश होऊन बसलेला नसतो. तो पुढच्या क्षणी त्या सुरांना उत्तर देणार असतो. ‘डिग’ या नावाने निघालेली, १९५१ साली ध्वनिमुद्रित झालेली माइल्स डेव्हिसची तबकडी आहे. त्यात त्याच्याबरोबर सॉनी रॉलिन्स आणि अवघ्या विशीतला जॅकी मॅक्लीन आहे. मला जॅझमधले शास्त्र कळत नाही. पण एकाने टाकलेले वाक्य दुसरा कसे उचलतो, हे ऐकायला शास्त्र लागत नाही.

म्हणून ‘आवडणे’ नको आणि ‘समजणे’ही अपुरे. मग मराठीत काय?

खणण्याची रूपके आपल्याकडे आहेत, पण त्यांचा स्वभाव वेगळा. ‘खोदून खोदून विचारणे’ यात चौकशीचा वास आहे, ‘उकरून काढणे’ यात भांडणाचा. ‘जुनी मढी उकरणे’ तर अमंगळच. खणून प्रेम सापडते असा आपल्या भाषेचा अनुभव दिसत नाही. जुन्या मराठीतले ‘आकळणे’ मला फार जवळचे वाटते. त्यात पकडणे, आवरणे आणि समजणे एकत्र आहे आणि ते सकर्मकही आहे. पण हार्लेमच्या नाक्यावरच्या माणसाच्या तोंडी ‘आकळणे’ घातले तर तो कीर्तनाला उभा राहिल्यासारखा दिसेल.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात ‘दाद’ हा शब्द सुचवला आणि अजूनही मला तो फार सोडवत नाही. दाद हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ न्याय. ‘दाद मागणे’, ‘दाद-फिर्याद’ यांत तो अर्थ आजही जिवंत आहे. तोच शब्द मैफलीत गेला आणि ‘दाद देणे’ म्हणजे गुण ओळखून तो जाहीर मान्य करणे झाले. गाणाऱ्याला जे देणे लागते ते देऊन टाकणे हाही न्यायच. पुढे पाहा: ‘ताप औषधाला दाद देत नाही’. इथे दाद म्हणजे प्रतिसाद. आणि ‘कुणाला दाद लागू दिली नाही’ म्हणजे सुगावा लागू दिला नाही. न्याय, मान्यता, प्रतिसाद आणि सुगावा, हे चारही अर्थ एका दोन अक्षरी शब्दात! मालकाला सुगावा लागू नये म्हणून घडवलेली बोली, मैफलीत एकमेकांना दिलेला प्रतिसाद आणि न्यायालयात ज्यांना कधी न्याय मिळाला नाही अशा माणसांनी आपसांत केलेला न्याय. ‘डिग’चे सारे अर्थवलय ‘दाद’मध्ये सामावते, असे मी त्या दिवशी बऱ्यापैकी आत्मसंतुष्ट होऊन सांगितले.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “पण मॅडम, दाद मोठ्यांनी लहानांना द्यायची असते. आणि मागायची असते ती लहानांनी.”

तिचे बरोबर होते. दाद देणारा गादीवर बसलेला असतो, नाहीतर खुर्चीवर. ह्यूजच्या शेवटच्या ओळींतला सगळा जोर परतफेडीवर आहे, दोन्ही बाजू एकाच पातळीवर उभ्या असण्यावर आहे. माझ्या शब्दात इतिहास होता, पण समानता नव्हती. “मग तू काय म्हणशील?” असे विचारल्यावर ती हसून म्हणाली, “आम्ही तर ‘झेपलं’ म्हणतो.”

झेपणे. खर्च झेपत नाही, ओझे झेपत नाही, ही आपल्या सर्वांची नित्याची वाक्ये. पण गेल्या काही वर्षांत मुलांनी हे क्रियापद समजण्याच्या अर्थाने वापरायला घेतले आहे. ‘लेक्चर झेपलं नाही’, ‘पिक्चर झेपला नाही’. त्यांच्या बोलीतले ‘पकवणे’ किंवा ‘कल्टी मारणे’ मला मजेदार वाटतात, त्याहून अधिक काही नाही. ‘झेपणे’ची गोष्ट वेगळी आहे. त्यातही चतुर्थी आहेच, पण ती स्वस्थ बसलेली चतुर्थी नव्हे. समोरच्या गोष्टीला वजन आहे आणि ते उचलायला मी वाकले होते, एवढे त्यात गृहीत धरलेले आहे. ‘कळले नाही’ म्हणणाऱ्याने कदाचित पुस्तक उघडलेही नसेल. ‘झेपले नाही’ म्हणणाऱ्याने निदान हात लावून पाहिला आहे. मला वाटते की खणणाऱ्या माणसाला हे क्रियापद ओळखीचे वाटले असते. ‘डिग’चे हे नेमके भाषांतर नव्हे, त्यात परतफेड नाही. पण ते त्याच जातीच्या ठिकाणाहून आलेले आहे.

एका भाषेतल्या रस्त्यावरच्या शब्दाला दुसऱ्या भाषेतला रस्त्यावरचाच शब्द शोधावा लागतो, हे अरुण कोलटकरांना फार आधी उमगले होते. मुंबईच्या हिंदीत लिहिलेली आपली कविता ‘थ्री कप्स ऑफ टी’ या नावाने इंग्रजीत नेताना त्यांनी शिष्ट इंग्रजी टाळले आणि अमेरिकन रस्त्यावरची भाषा वापरली. आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’च्या (१९७२) प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी जे केले तेही इथे आठवते. त्या कवितांमधले कितीतरी शब्द आपल्याला अपरिचित आहेत हे त्यांनी कबूल केले आणि कवीलाच त्यांचे अर्थ विचारले. मेलरने शब्द उचलले, तेंडुलकरांनी विचारले. ज्या वर्षी ‘गोलपिठा’ आला त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. त्याआधीच म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठवाड्यातल्या लिहित्या तरुणांचे लक्ष वेधले होते. तेव्हा हार्लेमची बोली मराठीच्या वर्गात आणणे ही काही तौलनिक साहित्यवाल्यांची हौस नाही. ते नाते जुने आहे.

आणि तरीही आपण तपासतो कसे? शाळेपासून आपल्याकडे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. एकात संदर्भासह स्पष्टीकरण द्यायचे, दुसऱ्यात रसग्रहण करायचे. आधी समजले आहे हे सिद्ध करा, मग आवडले आहे हे सिद्ध करा. दोन्हींसाठी ठरलेली शब्दकळा आहे. ‘प्रस्तुत कवितेतून कवीने’ पासून ‘काळजाला भिडते’ पर्यंत. समजत नसतानाही एखादी कविता मानगुटीवर बसते, किंवा नीट समजल्यामुळेच ती नकोशी होते, असे अनुभव मांडायला त्या उत्तरपत्रिकेत जागा नाही. विद्यार्थ्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून ते बोलताना ‘झेपलं’ म्हणतात आणि लिहिताना ‘आकलन झाले’.

सगळेच तसे लिहीत नाहीत, हे मला अनुभवाने माहीत आहे. पंधराएक वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, उत्तरपत्रिका तपासण्याच्या शिबिरात माझ्या गठ्ठ्यात एक उत्तर आले. ढसाळांच्या एका कवितेवरचा प्रश्न होता. मुलाने किंवा मुलीने पहिलेच वाक्य असे लिहिले होते की ही कविता मला पहिल्यांदा झेपली नाही, पण तिने मला सोडलेही नाही. पुढची दोन पाने त्या न सोडण्याविषयी होती. आपल्या गावातल्या एका जागेचे वर्णन होते, जिथून जाताना आई हात घट्ट धरायची. कवितेतल्या एका शब्दाने ती जागा कशी परत आणली, ते होते. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. ‘प्रतिमा’, ‘प्रतीक’, ‘विद्रोह’ यांपैकी एकही शब्द नाही. दिवसाला ठरावीक गठ्ठे संपवायचे होते, उकाडा होता आणि माझ्याजवळ आदर्श उत्तराचे मुद्दे छापील होते. मी ‘झेपली’खाली लाल रेघ मारली, समासात ‘बोली शब्द’ असे लिहिले, उत्तराखाली ‘रसग्रहण अपेक्षित’ असा शेरा दिला आणि १५ पैकी ५ गुण दिले. नियमाने पाहिले तर ते चुकीचे नव्हते. माझ्या शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कदाचित चारच दिले असते.

त्या दोन पानांत समजणे, पाहणे आणि भेटणे एकाच वेळी चालले होते, हे माझ्या लक्षात आले ते फार पुढे, कॅलोवेच्या कोशातली ती नोंद पहिल्यांदा वाचताना. यंदा मी अंतर्गत मूल्यमापनाच्या चाचणीत एक प्रश्न बदलला आहे. कविता न देता फक्त विचारले आहे की तुम्हाला न झेपलेल्या एका कवितेविषयी लिहा. विभागाच्या बैठकीत ‘झेपलेल्या’वर आक्षेप आला. पर्याय म्हणून ‘आकलनसुलभ नसलेल्या’ असे सुचवण्यात आले, ते मी मान्य केले नाही. त्या जुन्या उत्तरपत्रिकेचा मात्र काही उपाय नाही. तिच्यावर नाव नव्हते आणि आसनक्रमांकाची जागा चिकटपट्टीने झाकलेली होती.